शेवटचा माणूस आत येईपर्यंत

आमच्या पुएर्तोत पत्ता विचारणाऱ्याने आधी मनाची तयारी करावी. इथे सांगतात त्या सगळ्या खुणा नसलेल्या. "वेशीच्या दरवाजापाशी उतरा," असं गाडीवाला म्हणतो, आणि तिथे ना वेस ना दरवाजा. तिथे टायरचं पंक्चर काढणाऱ्याचं दुकान आहे. "जकातघराला वळसा घाला," म्हणावं, तर जकातघराच्या जागी चिखल आणि चिखलात बदकं. मनिलाच्या आखातात घुसलेलं हे जमिनीचं टोक. स्पेनच्या राजाची गलबतं एके काळी इथे बांधली गेली, इथेच दुरुस्त झाली. तट होता, दारूगोळ्याचं कोठार होतं, खलाशांचं इस्पितळ होतं, पाच चर्चं होती. काही भूकंपाने नेलं, काही सरकारने पाडून रस्त्यात घातलं, उरलंसुरलं लढाईने संपवलं. पण आमच्या तोंडून ते जात नाही. इथलं पोर चालायला लागलं की नसलेल्या भिंतीला वळसा घालूनच चालतं.

एकच गोष्ट खरोखर उभी आहे, आणि तिची खूण कुणी सांगत नाही. रोसारियो मातेच्या चर्चचा घंटेचा मनोरा. चर्च गेलं, मनोरा राहिला, मनोऱ्यातली घंटा राहिली आणि घंटा वाजवणारा ताकियो राहिला. या तिघांतलं काहीच राहायला नको होतं, असं गावाचं म्हणणं.

ताकियोचं पाळण्यातलं नाव एउस्ताकियो. बाप घंटावाला, आजा घंटावाला. घंटेचा आवाज जरा बसका, म्हणून तिला सगळे घोगरी म्हणत. बारशाला ती कशी बोलते, लग्नाला कशी, हे आमच्याकडे पोटातल्या पोरालाही कळायचं. माणूस गेला तर पुरुषाला तीन-तीन ठोके, बाईला दोन-दोन. लोक हातातलं काम ठेवून मोजायचे आणि मग विचारायचे, कोण गेली? ताकियोच्या आजीला घोगरी वाजली, आईला वाजली. घंटावाल्याच्या घरची बाई घोगरीशिवाय मातीत जात नाही, हा त्या घराचा मान. पैसाअडका नव्हता, मान तेवढा होता.

आणि घोगरीची आणखी एक बोली होती. रेबातो. धोक्याची घंटा. जुन्या काळी दक्षिणेकडून चाचे होड्या भरून यायचे, माणसं पकडून न्यायचे. मनोऱ्यावरून शिडं दिसली की घंटावाला रेबातो धरायचा आणि अख्खं गाव चर्चमध्ये धावायचं, कारण चर्चच्या भिंती हातभर नाही, चांगल्या पुरुषभर जाड. नियम एकच. घंटा वाजतेय तोवर दार उघडं, घंटा थांबली की दार बंद. म्हणून घंटावाल्याने शेवटचा माणूस आत येईपर्यंत दोर सोडायचा नाही. आधी सोडला तर बाहेर राहिलेल्याचं पाप त्याच्या डोक्यावर.

चाचे कधीच संपले, पण रेबातो राहिला. ऑक्टोबरात रोसारियो मातेचा सण आला की दुपारी घोगरी धडाधडा वाजायची आणि सगळं गाव हसत-ओरडत चर्चमध्ये धावायचं. शेवटी पोचेल तो चाच्यांचा वाटा. त्याच्यावर मासे धरायचं जाळं टाकायचे, जाळ्यात गुंडाळून खांद्यावर घ्यायचे आणि गाणं म्हणत चर्चला फेरी घालायचे. मग त्याने सगळ्यांना गोड खायला घालायचं. जाळं पडलेलं दिसलं की वर घंटावाला हात थांबवायचा. पिढ्यान् पिढ्या हे चाललं. घोगरी धडाधडा वाजली की चर्चकडे पळायचं, हे आमच्या डोक्यात नव्हतं, पायांत होतं.

आणि मग लढाईचा डिसेंबर आला.

ताकियो दुपारच्या घंटेसाठी वर गेला होता. समुद्रावरून विमानं येताना त्याला दिसली. आता तुम्ही म्हणाल, त्याने विचार करायला हवा होता. करा की तुम्ही विचार, इथे सावलीत बसून! त्याचे हात डोक्याच्या आधी चालले. धोका समुद्रावरून येतोय, मग काय वाजवायचं ते बापाने शिकवलं होतं. त्याने रेबातो धरला आणि लोकांनी वर आभाळात पाहिलंसुद्धा नाही. धावले. काहीजण तर सवयीने हसत धावले. तो वरून बघत होता. बाया पोरं काखेत मारून येत होत्या, दुकानदार फळ्या उघड्या टाकून येत होते. एक म्हातारा काठी टेकत टेकत रेंगाळत आला, त्याच्यासाठी ताकियोने दोर आणखी ओढला. म्हातारा आत गेला तेव्हाच त्याने हात थांबवला. खाली कुणीतरी नियमाने दार लावून घेतलं.

विमानांना गोदी हवी होती. गोदी चर्चच्या पाठीला लागून. एक बॉम्ब छतातून आत गेला.

जे त्या दिवशी शेतात, गटारात, केळीखाली पालथे पडले ते वाचले. जे शहाण्यासारखे धावले ते गेले. मनोरा चर्चपासून जरा सुटा होता, तो हललाही नाही. पुढे लष्कराने ढिगारा बुलडोझरने उचलला आणि धावपट्टीच्या भरावात टाकला. त्यात दगड किती आणि माणसं किती हे कुणी वेगळं केलं नाही.

यातूनही गावाने ताकियोला माफ केलं असतं, कदाचित. पण त्याची बायको जिवंत होती.

तेन्सियांग तिचं नाव. त्या दिवशी सकाळी आंबवलेल्या जवळ्याची बरणी ताकियोच्या हातून फुटली, त्यावरून दोघांत कडाक्याचं भांडण झालं आणि ती पाय आपटत सान्ता क्रूसला, वेशीपलीकडे आईकडे निघून गेली. बरणी फुटली नसती तर तीही झगा खोचून धावली असती आणि आत असती. पण गावाला बरणी कोण सांगणार? प्रत्येक घरातून कुणी ना कुणी गेलं होतं, घंटावाल्याच्या घरातून कुणीच नाही. लोकांनी दोनात दोन मिळवून पाच केले. "बायकोला आधीच पोचवली पलीकडे," म्हणाले. "त्याला ठाऊक होतं."

त्याला मारलं असतं तर पाप लागलं असतं. आमचं गाव पापाला फार भितं, म्हणून त्याने ताकियोला जिवंत ठेवलं.

मनोऱ्याचा दोर काढून टाकला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली बेनिग्नाकडे दिली. बेनिग्नाची तीन पोरं त्या दिवशी आत होती. नवं चर्च दूर बांधलं, तिथे घंटा म्हणून तोफेच्या गोळ्याचं रिकामं पितळी टरफल टांगलं. पुएर्तोत ताकियोला काम कुणी देईना. तो सान्ता क्रूसच्या कोळ्यांच्या होड्यांच्या फटी बुजवून पोट भरू लागला. दुकानात गेला तर दुकानदार शेवटी त्याच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "शेवटचा आला का? मग आता बंद करतो." पोरं त्याच्यामागे "डाण डाण डाण" करत धावायची. आयुष्यभर घंटेखाली उभं राहून त्याचे कान गेले होते, तरी हे त्याला बरोबर ऐकू यायचं.

पण या सगळ्यावर कडी केली बेनिग्नाने. मृतांच्या दिवशी, नोव्हेंबरात, आमच्याकडे गेलेल्यांसाठी घराच्या उंबऱ्यावर ताटं मांडतात. भात, मासा, गोड काहीतरी. बेनिग्नाने तिच्या पोरांची तीन ताटं आणून मांडली ती ताकियोच्या उंबऱ्यावर. "तू बोलावलंस ना त्यांना? मग आता तूच जेवू घाल," म्हणाली आणि गेली. दर वर्षी. ताटं रात्रभर तिथे. सकाळी मुंग्या लागलेला भात तेन्सियांग उचलायची, ताटं राखेने लख्ख घासायची आणि बेनिग्नाच्या घरी नेऊन द्यायची. बेनिग्ना न बोलता घ्यायची. इतक्या वर्षांत एकदाच बोलली.

"तेन्सियांग, तू आत असतीस ना, तर आम्ही त्याच्यासाठी रडलो असतो गं."

तेन्सियांगने घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं नाही. जीभ तलवारीसारखी चालवणारी बाई, पण हे मात्र तिने गिळलं.

वीसेक वर्षं अशी गेली. मग तेन्सियांगच्या पोटात पाणी झालं. पोट वाढत गेलं, बाकीची बाई वाळत गेली. डॉक्टरने मनिलाला न्या म्हटलं आणि लगेच, नका नेऊ असंही म्हटलं. ताकियो तिच्या पायांना तेल चोळत बसायचा.

"ताकियो," ती एका सकाळी म्हणाली, "मी गेले की ते पितळी डबडं वाजवू नका माझ्यासाठी."

"काय?" तो कान पुढे करून म्हणाला.

"डबडं! ते टरफल! मी काय भंगारवाल्याची बायको आहे?" ती ओरडली आणि खोकली. "तुझ्या आईला घोगरी वाजली, आजीला वाजली. मला पण घोगरी. दोन-दोन. सावकाश. आणि तूच वाजवायचीस."

"किल्ली बेनिग्नाकडे आहे."

"मग जा. ती काय वाघीण आहे?"

"आहे," ताकियो म्हणाला. पण गेला.

बेनिग्ना दारातल्या पायरीवर मासे साफ करत होती. ती पायरी रोसारियोच्या वेदीची. लष्कराने ढिगारा न्यायच्या आधी ज्याला जे मिळालं ते त्याने उचललं होतं. वेदीचा दगड तिने आणला आणि दाराशी घातला, आणि आता त्यावर खवले उडत होते.

"कोण मेलं?" तिने वर न बघता विचारलं.

"अजून कुणी नाही. तेन्सियांगचं बरं नाही. फार दिवस नाहीत."

"मग मेल्यावर ये."

"मेल्यावर किल्ली देशील?"

"नाही."

ताकियो टोपी हातात फिरवत उभा राहिला. "बेनिग्ना, तिने काय केलंय? माझा राग तिच्यावर कशाला?"

"माझ्या तिघांना कुणी वाजवली घंटा?"

"मी वाजवली असती. तुम्हीच दोर काढलात."

"वाजवलीस की," बेनिग्ना म्हणाली आणि माशाचं डोकं उडवलं. "तू त्यांना जिवंतपणीच वाजवलीस."

तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, ती घरी नव्हती. तेन्सियांगला कळलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्या वर्षी सणाचा यजमान होता रोसेन्दो. आमच्याकडे दर वर्षी सणाला एक यजमान असतो. खर्च त्याचा, मिरवणं त्याचं. हा रोसेन्दो लढाईच्या आधीच अमेरिकन जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेला, वीस-पंचवीस वर्षं साहेबांना अंडी तळून घातली आणि पेन्शन घेऊन परत आला. लढाई त्याने पाहिली ती जहाजाच्या मुदपाकखान्यातून. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाला निदान ठाऊक असतं आपण काय करतोय.

त्याच्या डोक्यात आलं, रेबातो पुन्हा सुरू करायचा! चर्च नाही तर नाही, मोकळ्या जागेवर चुन्याने चर्चची आकृती आखायची, भिंती, दार, वेदी. घंटा वाजली की लोकांनी त्या रेषांच्या आत धावायचं. शेवटच्यावर जाळं. बँड, गोडधोड, परगावी गेलेले सगळे बघायला येतील. जागेवर आता पोरं बास्केटबॉल खेळत आणि बाया मासळी वाळत घालत. तेवढं एक दिवस हलवलं की झालं.

"पण वाजवणार कोण?" पंचांपैकी कुणीतरी म्हणालं. "रेबातोचा ठेका एकालाच येतो."

मग सगळ्यांनी बेनिग्नाकडे पाहिलं, कारण तिच्याशिवाय किल्ली नाही. लोकांना वाटलं ही आता रोसेन्दोच्या अंगावर धावून जाणार. पण ती पंखा हलवत शांत बसली होती.

"वाजवू दे त्याला," ती म्हणाली. "वर चढू दे. एवढे लोक आपल्या हाकेला पळत येताना पुन्हा एकदा बघू दे."

रोसेन्दोला वाटलं, बाई विरघळली. तो उड्या मारतच ताकियोकडे आला, दारातूनच ओरडत.

"तियो ताकियो! अहो काका, दिवस पालटले बघा तुमचे!" त्याने सिगारचा एक झुरका मारून सगळं सांगितलं. "आणि त्याच्या बदल्यात बेनिग्ना कबूल झालीये. तिया तेन्सियांगची वेळ येईल तेव्हा, देव करो ती लवकर न येवो, घोगरी तुमची. चार लोकांसमोर शब्द दिलाय."

ताकियो खाली बघत राहिला. "तो ठेका मी नाही धरणार. दुसरं काहीही सांग."

"अहो, खेळ आहे तो!"

"त्या दिवशीही अर्धे जण हसतच होते, रोसेन्दो."

"मग राहिलं," रोसेन्दो सिगार झटकत म्हणाला. "तियाला डबडं वाजवू. माझी काही हरकत नाही."

आतून तेन्सियांगचा आवाज आला. "वाजवेल तो! सांग जा!"

रोसेन्दो गेल्यावर ताकियो तिच्या खाटेशी बसला. "माझ्याने नाही होणार गं," म्हणाला. "दोर हातात घेतला की मला ते दिसतील."

"दिसू देत. मला काय ते मिळेल ना?" मग तिने कूस बदलून त्याच्याकडे तोंड केलं. "जाळं टाकणार का रे पूर्वीसारखं? शेवटच्यावर?"

"टाकणार म्हणे."

"आणि घंटा? नियम तोच?"

"नियम कसा बदलेल? शेवटचा आत येईपर्यंत."

"मध्येच दमून थांबशील. हात म्हातारे झालेत तुझे."

"थांबणार नाही."

"शपथ?"

"तुझी शपथ."

ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली म्हणून त्याला एवढं बरं वाटलं की त्याने दुसरा विचारच केला नाही. आपली पुरुषांची जात अशीच. बायको हसली की संकट टळलं असं समजायची.

सणाच्या दिवशी त्याने तिच्या उशाशी पाणी ठेवलं, तांदळाच्या केकचा एक तुकडा ठेवला. ती म्हणाली, "माझे बूट दे पलंगाखालचे. इथे ठेव, दिसतील असे."

"कशाला?"

"सण आहे. अनवाणी कशाला राहू?"

बुटांचे तळ त्याने होडीच्या जाड दोऱ्याने कधीतरी शिवले होते. त्याने ते फडक्याने पुसून खाटेजवळ ठेवले आणि निघाला.

बेनिग्ना मनोऱ्याच्या दाराशी काळ्या कपड्यात उभी होती. तिने कुलूप काढलं आणि बाजूला झाली. आत नवा दोर बांधलेला होता. ताकियो भिंतीला धरून धरून वर चढला. घोगरीवर कबुतरांची घाण साठली होती. त्याने ती बाहीने पुसली, आणि हे कुणी बघत नव्हतं म्हणून सांगतो, तिला कपाळ टेकलं.

खाली मोकळ्या जागेवर पांढऱ्या रेषा. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा अधू. तरी दार कुठे आखलंय, वेदी कुठे, हे त्याला कळलं. रेषा बरोबर होत्या. रोसेन्दोने हातरुमाल हलवला.

पहिला हिसका त्याच्या खांद्यातून कळ काढून गेला. दुसऱ्याला घोगरी जागी झाली. आणि मग तो ठेका आपोआप आला, काही विसरलं नव्हतं. हात चोर असतात, डोकं सोडून देतं ते यांनी जपून ठेवलेलं असतं. खालून लोक फुटले. रंगीत कपडे, छत्र्या, पोरं, सगळे धावत सुटले. तरुण हसत होते. पण जे जुने होते, त्यांतले कितीतरी रेषेच्या बाहेर जागच्या जागी उभे राहिले. एका म्हाताऱ्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. दुसऱ्या एकीचे पाय तिला न विचारता चार पावलं धावले आणि मग ती मटकन खाली बसून रडायला लागली. ताकियोला हे एवढं स्पष्ट दिसलं नाही. त्याला फक्त माणसं आत जाताना दिसली, तशीच. त्याने डोळे मिटले आणि ओढत राहिला.

डोळे उघडले तेव्हा चुन्याचं चर्च गच्च भरलं होतं. बाहेर उभे राहिलेल्यांनाही पोरांनी ओढून ढकलून आत घेतलं होतं. झालं, आता जाळं पडेल, असं त्याला वाटलं. जाळं पडेना. जाळंवाले दारापाशी उभे राहून गल्लीकडे बघत होते, हात हलवत होते, हसत होते. कुणीतरी अजून यायचं होतं.

वेशीच्या बाजूने, गल्लीतल्या घरांच्या भिंतीच्या कडेकडेने, एक फिकट ठिपका येत होता. चार पावलं यायचा, थांबायचा. भिंत संपली तिथे तो आडवा झाला आणि मग पुन्हा पुढे सरकू लागला, पण आता अगदी जमिनीलगत. कुणी दारूडा असेल, ताकियोच्या मनात आलं. लोकांनाही सणाचं सोंगच वाटलं असावं, ते टाळ्या वाजवून त्याला बोलावत होते. "शेवटचा! शेवटचा!" सगळं गाव एका सुरात. ताकियोचे तळवे सोलले होते, दोर ओला लागत होता. त्या दिवशीचा काठीवाला म्हातारा त्याला आठवला. सोडावा का दोर? पण बायकोची शपथ घेतली होती. ये बाबा, ये, तो पुटपुटला आणि ओढत राहिला.

ठिपका रेषेच्या आत आला. जाळं पडलं. ताकियोने दोर सोडला.

खाली जाळं खांद्यावर उचललं गेलं. बँड सुरू झाला असावा, कारण माणसं नाचू लागली. जाळ्यातलं माणूस हलकंच असणार, चौघांनी सहज उचललं. वेदीपर्यंत गेले, वळले. मग नाच थांबला. आधी पुढचे थांबले, मग मागचे. जाळं खाली ठेवलं गेलं आणि लोकांचं कडं झालं. ताकियो खाली टेकून तळहातांवर फुंकर घालत होता.

बऱ्याच वेळाने जिन्याच्या तोंडाशी बेनिग्नाचं डोकं वर आलं. चढून तिला धाप लागली होती. तिचा चेहरा कधी नव्हे असा दिसत होता, कुणीतरी मागून हाक मारावी तसा.

"काय झालं?" ताकियोने विचारलं.

तिने तोंड उघडलं, पण बोलून याला ऐकू येणार नाही हे तिला आठवलं असावं. तिने हात वर करून दोन बोटं दाखवली. दोन-दोन. आणि उतरून गेली.

बाई गेली कुणीतरी. सणाच्या दिवशी, बिचारी! ताकियो उठला. रेबातोनंतर हे बरं वाटलं त्याला; हे काम स्वच्छ होतं, यात कुणाला बोलवायचं नव्हतं. दोन ठोके, मग थांबायचं, आवाज समुद्रावर विरून जाऊ द्यायचा, मग दोन ठोके. इतक्या वर्षांत मेलेल्या सगळ्या बाया याविना गेल्या होत्या, हिचं नशीब मोठं. हात अजून बरा चालतोय, त्याला वाटलं, थोडी घाई होतेय इतकंच. तेन्सियांगला याहून सावकाश वाजवायचं.

तो खाली उतरला तेव्हा जागेवर कुणी हलत नव्हतं. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. गर्दीने त्याला वाट दिली. थुंकायला नाही, खरीच वाट दिली. एका बाईने त्याच्या दंडाला हात लावला. दुकानदार रडत होता. लोक आपल्याकडे बघून रडताहेत हे त्याला दिसलं आणि क्षणभर, देवा रे, क्षणभर त्याला वाटलं, चांगलं वाजवलं म्हणून.

"कोण होती?" त्याने विचारलं. "कुणाच्या घरची?"

बेनिग्ना पुढे आली. तिच्या हातात एक बूट होता, भिंतीशी गळून पडलेला. तिने तो त्याच्यापुढे धरला. तळाला होडीच्या दोऱ्याचे टाके होते.

ताकियोने टाक्यांवरून बोट फिरवलं. मग तो लहान पोरासारखा विचारू लागला, "आत आली होती ना? रेषेच्या आत?"

"आत आली, ताकियो," बेनिग्ना त्याच्या कानाशी ओरडली. "आत होती ती. सगळ्यांनी पाहिलंय."

आणि मग गाव त्याच्यासाठी रडलं. बेनिग्नाने तेन्सियांगला शब्द दिला होता तसं रडलं, पोटभर. गाव करील ते राव काय करील! तेन्सियांगच्या मागे अख्खं पुएर्तो चाललं, दुकानं बंद ठेवून. जाळं टाकणारे चौघेच खांदा द्यायला पुढे झाले. रोसेन्दोने सगळ्यांना जेवण घातलं आणि हुंदके देत सांगितलं, पुढच्या वर्षीपासून रेबातो तिया तेन्सियांगच्या नावाने करू. दुकानदाराने ताकियोला तेल-मीठ घरपोच पाठवलं. मनोऱ्याची किल्ली बेनिग्नाने स्वतः त्याच्या खुंटीला नेऊन अडकवली. त्याने बघितलंही नाही.

पंधरवड्यावर मृतांचा दिवस आला. ताकियोने उंबऱ्यावर एक ताट मांडलं. भात, मासा आणि वाटीत आंबवलेला जवळा. अंधार पडायच्या आत बेनिग्ना आपली तीन ताटं घेऊन आली. तिने ती त्याच्या ताटाशेजारी ओळीने लावली आणि या वेळी परत गेली नाही. पाय दुमडून पायरीवर बसली, शेजारी त्याच्यासाठी जागा ठेवून.

"ये, बस," ती म्हणाली. "आता तू आमच्यातलाच."

त्याला ऐकू आलं. ताकियोने तिच्याकडे पाहिलं, चार ताटांकडे पाहिलं, मग वाकून आपलं एक ताट उचललं, आत गेला आणि दाराला आतून कडी लावली. बेनिग्ना थोडा वेळ बसली आणि गेली. सकाळी तिन्ही ताटांना मुंग्या लागल्या होत्या. ती उचलून घासायला आता त्या घरात कुणी नव्हतं.